कोठीघरातला ऑक्टोबर

रेज संघाचा मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटच्या, म्हणजे संघ बसतो त्या खोलगट जागेच्या, पायऱ्या चढून वर आला आणि त्याचाच पिचर, चेंडू टाकणारा ब्लेक स्नेल, यानं मान झटकून तोंड फिरवलं. ओठ हलले. काय म्हणाला ते छापण्यासारखं नव्हतं, आणि कळायला आवाजाची गरजही नव्हती. २७ ऑक्टोबर २०२०, बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, वर्ल्ड सिरीजचा, सहावा सामना, टेक्ससमधलं आर्लिंग्टन. टॅम्पा बे रेज एक-शून्यनं पुढे. हरले तर मोसम संपला, जिंकले तर सातवा सामना. स्नेलनं तोवर ७३ चेंडू टाकले होते, नऊ वेळा बॅटरला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं होतं, एकालाही फुकट पहिला बेस दिला नव्हता. लॉस एंजेलिस डॉजर्सचे पहिले तिघे, मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, प्रत्येकी दोनदा आले आणि सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट होऊन परत गेले. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना नवव्या नंबरच्या ऑस्टिन बार्न्सनं साधा सिंगल मारला, म्हणजे पहिल्या बेसपर्यंत पोचला. एवढंच घडलं होतं. कॅश मैदानाच्या मधोमध पोचला, हात पुढे केला, चेंडू घेतला. इथे क्रिकेटसारखं एक स्पेल टाकून सीमारेषेवर जाऊन दम खाता येत नाही. काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. निक अँडरसन आला. बेट्सनं डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारला, मग एक चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला आणि बार्न्स घरी पोचला, म्हणजे धाव झाली, मग सीगरच्या जमिनीवरच्या फटक्यावर बेट्सही पोचला. सामना तीन-एकनं संपला. डॉजर्स १९८८ नंतर पहिल्यांदा विजेते झाले आणि कॅशच्या नावानं जी बोंब सुरू झाली ती अजून पुरती थांबलेली नाही.

मला खटकली ती त्याची चाल. ती फीत पुन्हा पुन्हा पाहूनही खटकतेच. त्या चालीत घाई नव्हती, राग नव्हता, आणि घालमेलही नव्हती. कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेला माणूस चालतो तसा तो चालत होता. बार्न्सचा सिंगल पडल्यावर हा माणूस विचारात पडला आणि मग उठला, असं काही दिसत नाही. बेट्सनं त्या रात्री स्नेलला तिसऱ्यांदा पाहू नये म्हणून बदल केला, असं कॅशनं नंतर सांगितलं आणि जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. मत त्याचंच असेल. पण ते मत कुठल्या विहिरीच्या पाण्यावर वाढलं?

त्या पायांमागे आणखी कुणाकुणाचे पाय होते?

‘फ्रंट ऑफिस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉटेलातलं काउंटर येतं. हसरा चेहरा, फुलदाणी, सही करायचं पुस्तक. बेसबॉलमध्ये नाव तेच, पण माणसं कुणाला दिसणार नाहीत अशा जागी बसलेली. अध्यक्ष, जनरल मॅनेजर, त्यांचे सहायक, आकडेवाले, प्रतिस्पर्धी पाहून टिपणं आणणारे स्काउट, वैद्यकीय पथक, तिकिटांचा विभाग, प्रवासाचं पाहणारा सचिव. गणवेश घालून डगआउटमध्ये उभा असतो तो ‘मॅनेजर’ निराळा. हे वरचे लोक पाहिले की मला लग्नघरातलं कोठीघर आठवतं. मांडवात वाजंत्री, मुहूर्त, मानपान. आणि आतल्या खोलीत कमरेला किल्ल्या खोचून कुणी काकू साखरेच्या पोत्यापाशी बसलेल्या. पंगत किती उठली, वाटीतलं तूप पुरेल का, व्याह्यांकडचे आणखी वीस जण आले तर काय. मंगलाष्टकं त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतात. ऑक्टोबरमध्ये बेसबॉलच्या ऑफिसचं तेच होतं. एप्रिल ते सप्टेंबर, १६२ सामने, खेळाडू घे, दे, वर आण, खाली पाठव, असा रोजचा हात फिरत असतो. प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, सुरू झाला की तो हात बांधला जातो. अदलाबदलीची मुदत कधीच गेलेली असते. नवा माणूस बाजारातून आणता येत नाही. जे कोठीत आहे त्यातच पंगत उठवायची.

आणि कोठीला कुलूप लागतं ३१ ऑगस्टला. त्या रात्री बारापर्यंत जो संघटनेत, म्हणजे मुख्य संघात किंवा त्याच्या खालच्या संघांत, आहे तोच ऑक्टोबरला पात्र. ज्यांनी १ सप्टेंबरला एखादा चांगला माणूस उचलला त्यांना तो सप्टेंबरपुरताच. पण या नियमाला एक मागचं दार आहे आणि प्रत्येक ऑफिसात ते पाठ असलेला एक तरी माणूस असतो. मुख्य यादीत नसलेला, पण त्या तारखेला संघटनेत असलेला खेळाडू जखमी माणसाच्या जागी घेता येतो. कमिशनरच्या, म्हणजे स्पर्धेच्या प्रमुखाच्या, ऑफिसकडे अर्ज करावा लागतो, इतकंच. २००२ मध्ये अनाहाइम एंजल्सनी याच दारानं फ्रान्सिस्को रॉड्रिगेझला आत घेतलं. पोरगा वीस वर्षांचा, मुख्य संघात पहिल्यांदा उतरला तो १८ सप्टेंबरला, नावावर एकही विजय नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे त्याची धड फीतही नव्हती. त्या ऑक्टोबरात त्यानं पाच सामने जिंकले आणि एंजल्स विजेते झाले. नियमाचं ते कलम वाचून अर्ज लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठल्या स्कोअरकार्डावर येत नाही.

प्रत्येक फेरीआधी २६ जणांची नवी यादी द्यावी लागते, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. फेरी बदलली की यादी बदलते, आणि ऑफिसातला सगळ्यात लांब चालणारा वाद इथेच होतो. पहिल्या पंचवीस नावांवर कुणी आवाज चढवत नाही. भांडण सव्विसाव्यावर. पहिली फेरी तीन सामन्यांची, तीन दिवस सलग. तिथे चार-पाच सुरुवातीचे पिचर घेऊन बसण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा एखादा धावण्यापुरता माणूस घ्यावा. कॅन्सस सिटी रॉयल्सनी २०१४ आणि २०१५ मध्ये टेरन्स गोरला घेतलं होतं ते निव्वळ त्याच्या पायांसाठी. हिशेब सरळ असतो: पिचरचा हात हलल्यापासून चेंडू कॅचरपर्यंत साधारण १.३ सेकंद, कॅचरच्या हातातून दुसऱ्या बेसपर्यंत साधारण २.०. बेरीज ३.३. पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर एवढ्या वेळात जो पळून पोचतो तो सामन्याच्या शेवटच्या घटकेला सोन्याचा. उलट सात सामन्यांच्या फेरीत सामना लांबला तर पळणारा माणूस घेऊन काय करणार? तिथे हात हवेत. आणि एकदा यादी दिली की चूक गळ्यात. फेरीच्या मध्येच कुणी जखमी झाला तर बदली मिळते, पण बाहेर गेलेला त्या फेरीतून तर जातोच, पुढचीही फेरी त्याला बंद. म्हणून पोटरी दुखावलेल्या खेळाडूबद्दल डॉक्टर ‘चार दिवसांत बरा होईल’ म्हणाला की खोलीत शांतता पसरते. चार दिवस थांबून संघ एका माणसानं कमी खेळवायचा, की त्याला काढून त्याची वर्ल्ड सिरीजही पुसायची?

सव्विसाव्या माणसाचं महत्त्व पाहायचं तर २७ ऑक्टोबर २०२५. (तारीख पुन्हा तीच, योगायोग.) डॉजर्स आणि टोरोंटो ब्लू जेज, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, एरवीच्या नऊऐवजी अठरा इनिंग, ६ तास ३९ मिनिटं. आपल्याकडे सकाळच्या पहिल्या चहाला सुरू झालेला सामना दुपारच्या जेवणाला संपला. पंधराव्या इनिंगला डॉजर्सच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागी, उरला होता विल क्लाइन. जूनमध्ये सिअॅटलकडून आलेला, आधीच्या तिन्ही फेऱ्यांच्या यादीत नसलेला. यादीबाहेरच्यांना ऑफिस घरी पाठवत नाही. सरावाच्या मैदानावर त्यांच्याकडून एक दिवसाआड चेंडू टाकून घेतले जातात, खऱ्या बॅटरसमोर लुटुपुटूच्या इनिंग खेळवल्या जातात, पंचही उभा केला जातो. प्रेक्षक शून्य. तिथे तीन आठवडे चेंडू टाकायचे आणि संध्याकाळी आपलाच संघ टीव्हीवर पाहायचा. अशा ठिकाणी हात तयार राहतो, मन कुजतं. म्हणून तिथे कुणाला प्रमुख नेमायचं हाही ऑफिसचा एक नाजूक निर्णय. क्लाइननं त्या रात्री चार इनिंग टाकल्या, ७२ चेंडू, धाव एकही नाही. मुख्य स्पर्धेत याआधी दोन इनिंगच्या पुढे तो कधी गेला नव्हता. अठराव्या इनिंगमध्ये फ्रेडी फ्रीमननं होम रन मारला आणि सगळे कॅमेरे तिकडे वळले.

प्रतिस्पर्धी कोण हे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नसतं, म्हणून स्काउट आधीच तीन-चार गावांना रवाना होतात. त्यातल्या बहुतेकांचं काम फुकट जाणार हे ठरलेलंच. एकाच संघाशी खेळायचं, पण अहवाल चार संघांचे तयार. बारा संघांच्या सध्याच्या पद्धतीत दोन्ही लीगमधल्या वरच्या दोन-दोन मानांकितांना पहिली फेरी माफ असते. म्हणजे आणखी एक अहवाल जास्त. चेंडूचा वेग, फिरकी, कोन, हे सगळं आता प्रत्येक मैदानावरचे कॅमेरे मोजतात, मग माणूस कशाला पाठवायचा, असा प्रश्न दर वर्षी हिशेबनीस विचारतो. त्याचं उत्तर आकड्यात देता येत नाही, हीच अडचण. सराव चालू असताना उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक दोनच चेंडू जोरानं फेकतो आणि बाकीचे हलकेच टाकतो, म्हणजे खांदा दुखतोय. अमका पिचर संथ चेंडू टाकण्याआधी हातमोजा बोटभर उघडतो. तमका लागोपाठ दुसऱ्या दिवशी आला की कोपर खाली उतरतं. हे कॅमेऱ्यातही असतं, पण कुणीतरी पाहावं लागतं.

यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट १५ ऑक्टोबर १९८८ ची. वर्ल्ड सिरीजचा ओकलंडविरुद्ध पहिला सामना, नवव्या इनिंगला दोन बाद, डॉजर्स चार-तीननं मागे, आणि दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत आला. समोर पिचर डेनिस एकर्स्ली. तीन बॉल, दोन स्ट्राइक: आणखी एक स्ट्राइक की सामना संपला. गिब्सन क्षणभर बाजूला झाला. स्काउट मेल डिडिए यांनी मालिकेआधी बजावलेलं त्याला आठवलं: डावखुऱ्यासमोर अशी गणती आली की एकर्स्ली बाहेरून आत वळणारा स्लायडर टाकतो. तोच आला. चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत. गिब्सन एका हातानं बॅट फिरवल्यासारखा वाकला होता, आणि ती मूठ हवेत मारत बेसना घातलेली लंगडी फेरी सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र दिसतात ते मोसमभर कुठल्या कुठल्या मैदानांच्या मागच्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसलेले डिडिए, वर्षभरात क्वचित टाकल्या जाणाऱ्या एका चेंडूची नोंद करताना. असे किती अहवाल किती गठ्ठ्यांत पडून राहिले असतील, ज्यांतली तीन-दोनची गणती कधी आलीच नाही.

सामन्याच्या दिवशी दुपारी बैठक होते. समोरच्या नऊ बॅटरची रांग मांडायची आणि तिचे तुकडे करायचे: या तिघांसमोर हा, त्या चौघांसमोर तो. २०२० पासून आलेल्या पिचरला किमान तीन बॅटर खेळावे लागतात, किंवा इनिंग संपावी लागते. त्यामुळे एका डावखुऱ्यापुरता माणूस आणून लगेच काढायची जुनी चैन संपली. शिवाय एकच रिलिव्हर, म्हणजे मागून आणलेला पिचर, एका मालिकेत त्याच बॅटरसमोर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आला की बॅटरला त्याचा हात ओळखीचा होतो. म्हणजे आज वापरलेला माणूस परवासाठी थोडा खर्च झालेला असतो. हे सगळं एका कागदावर उतरतं, कागद मॅनेजरच्या खिशात जातो. क्षेत्ररक्षकांच्या टोपीत, मागच्या खिशात छोटी कार्डं. कुठल्या बॅटरला कुठे उभं राहायचं त्याची. आणि पहिला चेंडू पडला की ऑफिस मुकं. डगआउटमधला फोन बुलपेनला जातो आणि रीप्ले पाहणाऱ्याच्या खोलीत. जनरल मॅनेजरला जात नाही. रीप्लेवाल्याला पंचांचा निर्णय तपासायचा की नाही हे सांगायला जेमतेम पंधरा सेकंद मिळतात, आणि प्लेऑफमध्ये एकाऐवजी दोन वेळा दाद मागता येते. हे कुंपण एवढं कडक का, ते ह्यूस्टननं शिकवलं. २०१७ मध्ये कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा चोरायच्या आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवायचं. जानेवारी २०२० मध्ये निकाल लागला: पन्नास लाख डॉलर दंड, नवे खेळाडू घेण्याच्या दोन वर्षांच्या वरच्या निवडी रद्द, जनरल मॅनेजर आणि मॅनेजर वर्षभर निलंबित, आणि त्याच दिवशी मालकानं दोघांना घरी पाठवलं. कोठीतल्या माणसानं मांडवात हात घातला की काय होतं त्याचा हा नमुना.

आकडेवाल्यांचं मुकेपण निदान वातानुकूलित असतं. खरी धावपळ बाकीच्यांची. तिकिटं अशा सामन्यांची विकायची जे होतील की नाही ठाऊक नाही. पाचवा सामना झाला नाही तर पैसे परत, किंवा पुढच्या मोसमात जमा. पत्रकार इतके येतात की नेहमीची गॅलरी पुरत नाही, मग प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर फळ्या टाकून जास्तीची बाकं उभारायची, म्हणजे त्या खुर्च्यांची तिकिटं आधीच काढून ठेवायला हवीत, आणि एखाद्यानं विसरून विकली की सामन्याच्या दिवशी तो गृहस्थ कुटुंबासह दारात. खेळाडूंना ऑक्टोबरचा पगार नसतो हे पुष्कळांना खरं वाटत नाही. पगार नियमित मोसमाचा. प्लेऑफचं मिळतं ते गल्ल्यातून: पाच सामन्यांच्या फेरीतले पहिले तीन आणि सात सामन्यांच्या फेऱ्यांतले पहिले चार, यांच्या तिकीटविक्रीचे साठ टक्के खेळाडूंच्या निधीत. पहिलेच का? मालिका मुद्दाम लांबवण्यात कुणाचा स्वार्थ राहू नये म्हणून. विजेत्यांना निधीतले ३६ टक्के, उपविजेत्यांना २४. त्यातले वाटे खेळाडू आपसात मत देऊन ठरवतात, आणि त्या बंद खोलीत कपडे धुणाऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत कुणाला किती द्यायचं यावरून संघाचा स्वभाव जितका कळतो तितका मैदानावर कळत नाही, असं माझं मत. २०२२ मध्ये ह्यूस्टनचा एक पूर्ण वाटा पाच लाख सोळा हजार डॉलरच्या वर गेला होता.

प्रवास सचिवाचं दुःख तर निराळंच. २००८ ची वर्ल्ड सिरीज, फिलाडेल्फिया, २७ ऑक्टोबर. (पुन्हा तीच तारीख, आता मीच जरा दचकतो आहे.) फिलीज तीन-एकनं पुढे, पाचवा सामना. रेज जिंकोत वा हरोत, रात्री विमान फ्लोरिडालाच जाणार. म्हणून सकाळीच हॉटेलच्या खोल्या सोडल्या. हिशेबात चूक काहीच नव्हती. पण पावसानं सहाव्या इनिंगला सामना अडवला, दोन-दोन, आणि पाऊस थांबेना. फिलाडेल्फियात खोली मिळेना. अख्खा संघ चिखलाच्या बुटांनिशी बसमध्ये बसून राज्याची सीमा ओलांडून डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला गेला. सामना २९ तारखेला पुढे सुरू झाला आणि रेज हरले. त्या वर्षी रेजचं ऑफिस चालवत होता अँड्र्यू फ्रीडमन. हे नाव लक्षात असू द्यावं.

पावसाशी मैदानकर्मचाऱ्यांचं वैर जुनंच. १३ ऑक्टोबर १९८५, सेंट लुइस. मैदानावर ताडपत्री अंथरायचं यंत्र जमिनीत बसवलेलं, बटण दाबलं की आपोआप गुंडाळी पुढे सरकायची. ज्यानं दाबलं त्याला पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. पलीकडे व्हिन्स कोलमन उभा होता, त्या मोसमात ११० बेस चोरणारा, म्हणजे फटक्याशिवाय पळून गाठणारा, त्या काळातला सगळ्यात वेगवान माणूस. ताशी दोन-चार किलोमीटरनं सरकणारी ताडपत्री त्याच्या पायावर चढली. तो उरलेल्या प्लेऑफला मुकला आणि कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्यात हरले. सगळे अहवाल, सगळे आकडे, आणि शेवटी बटण.

आणि प्लास्टिक. विजय हाताशी आला की सेवक मंडळी कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येक कपाटावर प्लास्टिकचे पडदे चिकटवतात, शॅम्पेनपासून बूट आणि मुलांची चित्रं वाचवायला. हे सामना चालू असतानाच करावं लागतं, म्हणजे कुणीतरी वेळ ठरवायची: किती आधी? २५ ऑक्टोबर १९८६ ला न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर बॉस्टनच्या खोलीत पडदे लागले, शॅम्पेन आली, चषक आला. दहाव्या इनिंगला बॉस्टन पाच-तीननं पुढे, मेट्सचे दोन बाद, बेसवर कुणी नाही. मग एक, दोन, तीन सिंगल, एक निसटलेला चेंडू, आणि बिल बकनरच्या पायांमधून गेलेला तो फटका. खेळाडू बोगद्यातून आत यायच्या आत पडदे ओरबाडून काढायचे होते. चिकटपट्टीचे तुकडे कपाटांवर तसेच राहिले असतील का, हे मला उगाच सारखं वाटतं.

हे चालू असताना ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर पुढचं वर्ष सुरू झालेलं असतं. मालिका संपली की खेळाडू मोकळे होतात आणि कुणाचा करार वाढवायचा, कुणाला वर्षाचा देकार द्यायचा, हे पाच दिवसांत कळवावं लागतं. म्हणजे जो माणूस संध्याकाळी तुमच्यासाठी खेळणार आहे त्याला नोव्हेंबरात ठेवायचा की नाही, याची चर्चा सकाळी. जेवणाच्या रांगेत तोच समोर आला की नजर कुठे ठेवायची? आणि स्काउट: त्यांच्यातल्या पुष्कळांचे करार ३१ ऑक्टोबरला संपतात. प्रतिस्पर्ध्याच्या कोपराची नोंद करणाऱ्याला नोव्हेंबरात आपण कुठे असू ते ठाऊक नसतं.

परत स्नेलपाशी. त्याला काढणं मूर्खपणा होता असं मला वाटत नाही. तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला जास्त झोडतो हे हजारो सामन्यांतून दिसलेलं आहे, आणि त्या मोसमात स्नेलनं एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. वाद घालायचा तर दुसऱ्या नावावर घालावा. निक अँडरसन नियमित मोसमात नऊ इनिंगमागे अर्ध्या धावेच्या आसपास देत होता, ०.५५. असा माणूस कुणीही आणला असता. पण त्या ऑक्टोबरात लागोपाठ सहा वेळा तो आला आणि सहाही वेळा धाव देऊन गेला. आकडेवाला म्हणणार, सहा म्हणजे काहीच नाही, नाणं सहा वेळा उलटं पडू शकतं. बरोबर आहे. पुढच्या मार्चमध्ये तपासणीत त्याच्या कोपराचा स्नायुबंध थोडा फाटलेला निघाला. तो ऑक्टोबरातच फाटला होता का, हे कुणी छातीठोक सांगणार नाही. पण सहाचा आकडा नाण्याचा होता की कोपराचा, एवढंच त्या खोलीत कुणीतरी विचारायला हवं होतं. मागच्या रांगेत वही घेऊन बसलेल्यानं.

फ्रीडमन २०१४ च्या ऑक्टोबरात रेज सोडून डॉजर्समध्ये गेला. कॅश ज्या ऑफिसच्या पाण्यावर वाढला ती विहीर त्यानंच खणलेली. २०२० च्या त्या रात्री तो समोरच्या बाजूला होता आणि आपल्याच जुन्या पद्धतीनं केलेल्या बदलाचा फायदा त्याला मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यानं स्नेलला पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलरना घेतलं. खांद्याच्या दुखण्यानं स्नेल २०२५ च्या मोसमाचा बराचसा भाग बाहेर. सुरुवातीचा पिचर म्हणून अकराच सामने. ओरड झाली. ऑफिसनं घाई केली नाही, ऑगस्टमध्ये हळूच आणला.

१३ ऑक्टोबर २०२५, मिलवॉकी. स्नेलनं आठ इनिंग टाकल्या, चोवीस बॅटर, म्हणजे कमीत कमी जितके येऊ शकतात तितकेच. एक हिट, दहा स्ट्राइकआउट, १०३ चेंडू. सगळ्यांनी त्याला दोनदा पाहून झालं होतं, पुष्कळांनी तिसऱ्यांदाही पाहिलं, कुणी पायऱ्या चढून आलं नाही. दोन-शून्य. नववी इनिंग आली आणि बुलपेनचं दार उघडलं, रोकी सासाकी धावत आला. एक फुकटचा बेस, एक डबल, एक धाव, पुन्हा फुकटचा बेस. मग ब्लेक ट्रायनन. तिन्ही बेस भरले. दोन-एक, दोन बाद. शेवटचा बॅटर ब्राइस टुरँग डोक्याच्या उंचीच्या चेंडूवर बॅट फिरवून चुकला आणि डॉजर्स जिंकले. डगआउटमध्ये स्नेल जॅकेट घालून कठड्याला टेकून उभा होता.